सुट्टीचा साबण

५ डिसेंबर
ठरलं. सुट्टी लागायच्या दिवशी माझ्या आठवीच्या वर्गाला भेटवस्तू द्यायची. मुख्याध्यापिकाबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या की मुलांना काही द्यायचं असेल तर जरूर द्या, पण स्वस्तातलं द्या, शिक्षकांत चढाओढ नको. चढाओढ करायचं माझं वयच नाही. फक्त गेल्या वर्षी चित्रकलेच्या बाईंनी हाताने रंगवलेले बुकमार्क वाटले आणि मुलं आठवडाभर ते मिरवत होती, एवढं लक्षात आहे. मी मूलद्रव्यांचा तक्ता वाटला होता. झेरॉक्स. मुलांनी त्याची विमानं केली. विमानं उत्तम उडाली, हेही इथे नोंदवून ठेवतो.

७ डिसेंबर
सुचलं! साबण. घरी केलेला. तेल, कॉस्टिक सोडा, पाणी. खर्च नगण्य, धड्याची उजळणी फुकट, मुलं स्वच्छ. चित्रकलेच्या बाईंना हे सात जन्मांत जमणार नाही.
हिला सांगितलं. ही म्हणाली की साबण दुकानात मिळतो. सायन्स न घेतलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, असा संकल्प मी लग्न झाल्या झाल्या केलेला आहे. आजवर दोनदाच मोडला. दोन्ही वेळा हरलो, पण तो विषय वेगळा.

१० डिसेंबर, रविवार
साबण झाला. स्वयंपाकघर दिवसभर माझ्या ताब्यात. जेवण बाहेरून मागवावं लागलं, ते भेटीच्या खर्चात धरायचं नाही.
सोडा तोलत होतो तेव्हा ही दारातून म्हणाली की तो काटा कमी दाखवतो, केक करताना मी अंदाजाने घेते. मी म्हणालो की प्रयोगात अंदाज चालत नाही, आकडा चालतो. आकडा मी स्वतः वाचला. तेल तोलायची गरजच पडली नाही. एक लिटर म्हणजे एक किलो.
मुलीने विचारलं की साबण महिनाभर तरी मुरवावा लागतो ना. (ती माझ्याच वर्गात आहे. घरी बाबा म्हणते, शाळेत सर. प्रश्न दोन्हीकडे विचारते.) सुट्टी पुढच्या आठवड्यात लागणार. म्हटलं, ही आपली क्विक मेथड आहे. ती आत निघून गेली. पटलं असणार.

१४ डिसेंबर
आज स्टाफरूममध्ये कळलं की मुलं माझ्यामागे मला लिटमस म्हणतात. मनातून सुखावलो. समोरच्याला क्षणात पारखतो म्हणून असणार. हिला मुद्दाम सांगितलं. ही म्हणाली की नाही, जरा काही झालं की तुमच्या चेहऱ्याचा रंग बदलतो म्हणून. हिला विनोदाची फार हौस.

१९ डिसेंबर
वाटप झालं. रंगीत कागद, वर सुतळीची गाठ. छोटं भाषण केलं. म्हटलं, रोज वापरा. हाताला लावा, तोंडाला लावा. सुट्टीनंतर मी स्वतः प्रत्येकाचे हात बघणार आहे.
पहिल्या बाकावरच्या मुलीने हे सगळं वहीत लिहून घेतलं. दोन वेण्या, कधी नजर वर नाही. मी जे सांगेन ते करते. वर्गात अशी एक जरी असली तरी शिक्षकाला दहा हत्तींचं बळ येतं. वकिलांच्या मुलाने मात्र साबणाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्याचे वडीलही तसेच. एकदा शाळेच्या पायरीवर घसरले, तर त्यांनी शाळेला नोटीस पाठवली होती.
चित्रकलेच्या बाईंनी खोडरबर दिले. बिचाऱ्या!

२० डिसेंबर, सकाळ
हिने उरलेल्या साबणाने अॅल्युमिनियमचं पातेलं घासलं. पातेलं काळं पडलं. ही पातेलं माझ्यासमोर धरून उभी राहिली.  तिची ती उभं राहण्याची पद्धत मला आवडत नाही.
जुनं पातेलं. होतं असं.

२० डिसेंबर, दुपार
होत नाही असं. सोडा मोकळा राहिला असेल तरच होतं.
साखरेचा एक किलोचा नवा पुडा काट्यावर ठेवून पाहिला. काटा म्हणाला आठशे ग्रॅम. पुडा काढला, फुंकर मारली, परत ठेवला. आठशे. म्हणजे सोडा मी समजलो त्यापेक्षा बराच जास्त पडलाय. त्यात तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल एक किलो भरत नाही. हे मी दर वर्षी सातवीला शिकवतो. बाटली आणि बर्फाचं उदाहरण देऊन शिकवतो.
 सोड्याने कातडी भाजते. रोज वापरा म्हणालो मी. तोंडाला लावा म्हणालो.

२१ डिसेंबर
मुलीचा साबण बाथरूममधून गुपचूप काढून कपाटावर बॅगेमागे टाकला. तिची कातडी नाजूक आहे, आजीवर गेली आहे. बाकीच्या मुलांची तशी नसावी.
सगळ्यांना फोन करावा का? यावर शांतपणे विचार केला. फोन केला तर घबराट पसरेल. घबराट पसरवणं शिक्षकाला शोभत नाही. शिवाय वकिलांना फोनवर काय सांगणार? त्यांना नुसतं नमस्कार म्हणताना माझी बोबडी वळते. आणि बहुतेक मुलं साबण वापरतच नाहीत, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.
निर्णय: वाट बघायची.

२२ डिसेंबर
फोनशेजारी खुर्ची टाकून बसलो.  एकदा वाजला. हिची बहीण. मी इतक्या प्रेमाने तिची चौकशी केली की तिने हिला विचारलं, यांना बरं नाही का.
संध्याकाळी तासभर मुलगीच फोनला चिकटली होती. मैत्रिणी, मित्र, एकामागून एक. सुट्टीत या पोरांना दुसरं कामच नाही. एरवी रागावलो असतो. पण ती बोलत असेपर्यंत लाइन बिझी, म्हणजे कोणाचा फोन यायचा प्रश्न नाही. म्हटलं, बोल बाई, निवांत बोल.

२४ डिसेंबर
वाण्याच्या दुकानात वर्गातली दोन मुलं दिसली. दोघांच्या हातात हातमोजे! मी पिठाच्या पोत्यांमागे बसलो. वाण्याने विचारलं की सर, काही पडलं का. म्हटलं, बुटाची नाडी. पायात चपला होत्या.
घरी येऊन थंड डोक्याने विचार केला. थंडी आहे. थंडीत लोक हातमोजे घालतात. मग रस्त्यावर पाहत बसलो. निम्मं गाव हातमोजे घालून हिंडतंय. इतके दिवस मला हे कसं दिसलं नाही?

२६ डिसेंबर
अॅम्ब्युलन्सचा आवाज. आमच्या रस्त्याने गेली. गॅलरीत जाऊन कोणत्या बाजूला वळते ते पाहिलं. शाळेच्या बाजूला नाही. नंतर लक्षात आलं की शाळा बंद आहे, मुलं सगळीकडे आहेत.
वर्तमानपत्र आता मागच्या पानापासून वाचतो. छोट्या बातम्या तिथेच असतात. जेवण जात नाही. हिने विचारलं की नक्की झालंय काय. म्हटलं, अॅसिडिटी. उलट आहे, पण सांगणार कुणाला.

२८ डिसेंबर
दोन वेण्यांची मुलगी डोक्यातून जात नाही. वकिलांचा मुलगा साबणाला हात लावणार नाही, मागच्या बाकावरची पोरं अंघोळीच्या वाटेला जाणार नाहीत. पण ती लावेल. सकाळ-संध्याकाळ लावेल. भाजलं तरी लावेल, सरांनी सांगितलंय म्हणून. मला फार भीती वाटते आहे. नोकरीची नाही. नोकरीचीही आहे. पण ही वेगळी.
संध्याकाळी चालायला म्हणून बाहेर पडलो आणि सहज त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. त्यांच्याकडे फोन नाही. घर तळमजल्यावर, दिवा लागलेला, दोरीवर टॉवेल वाळत घातलेला. दार वाजवायला फक्त रस्ता ओलांडायचा होता. तेवढ्यात आतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. ज्या घरात लोक हसताहेत तिथे सगळं ठीकच असणार, असा निष्कर्ष काढून परत आलो. निष्कर्ष शास्त्रीय आहे.
मुलगी आज दिवसभर सायकल घेऊन बाहेर. अंधार पडल्यावर आली. रागावलो. मैत्रिणींकडे गेले होते म्हणाली.

३१ डिसेंबर
नव्या वर्षाचे संकल्प. एक: नवा काटा आणायचा. दोन: परत कोणाला काही द्यायचं नाही. तीन: शाळा सुरू होईल त्या दिवशी आजारी पडायचं.

२ जानेवारी
तिसरा संकल्प मोडला. ही म्हणाली की अॅसिडिटीला रजा मिळत नाही.
वर्गात गेलो. मुलांचे हात बघायचे कसे? एकदम युक्ती सुचली. विचारलं, पाण्याचं सूत्र कोणाला येतं? सगळे हात वर! ओळींतून फिरत तळवे पाहत गेलो. स्वच्छ. मग विचारलं, मिठाचं कोणाला? दुसरे हात वर करा. तेही स्वच्छ. दोन वेण्यांची मुलगीही बघितली. हात नितळ, चेहरा साफ, एक डाग नाही. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून फळ्याकडे तोंड करून H2O लिहीत राहिलो.
म्हणजे साबण उत्तम होता! पातेलं जुनं होतं आणि साखरेचा पुडा कमी भरलेला होता. हल्ली वाणी लोक फसवतात. उगाच दोन आठवडे जीव टांगणीला लावला. पुढच्या वर्षी शाम्पू.
घरी येऊन कपाटावरचा साबण काढला. विजयाप्रीत्यर्थ हात धुतले, कोपरापर्यंत, चांगले चोळून. मग तोंड.

२ जानेवारी, रात्री
डाव्या हाताने लिहितोय. त्या हाताची दोन बोटं बँडेजबाहेर आहेत. डॉक्टरांनी विचारलं, हे कशाने झालं. ही माझ्याआधी बोलली. म्हणाली, केमिस्ट्रीने.

३ जानेवारी
हाताला बँडेज, गालांना पांढरं मलम. शाळेच्या फाटकात समोर वकील! वळून पळणार होतो, पण त्यांनी खांदा धरला. म्हणाले की सर, आभार मानायला थांबलो होतो. सुट्टी लागून तीन दिवस होत नाहीत तोवर मुलीकरवी फोन करून कळवलंत की साबणात चूक झाली आहे, कोणी वापरू नका. चूक कबूल करणारा माणूस मी माझ्या धंद्यात अजून पाहिलेला नाही.
मी म्हणालो, कर्तव्यच होतं. तोंडातून निघून गेलं.
मग प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी माइकवरून सगळ्या शाळेला तेच सांगितलं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरीसुद्धा सरांनी मुलीला सायकलवर पाठवलं, म्हणाल्या. टाळ्या पडल्या. चित्रकलेच्या बाईंनी सर्वांत जोरात वाजवल्या. आमची मुलगी रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या चेहऱ्याचे किती रंग झाले असतील कोण जाणे. मलमाने झाकलं गेलं.
दिवसभर वर्गात कोणी माझ्या बँडेजबद्दल चकार शब्द काढला नाही. लिटमसही म्हणालं नाही कोणी.
घरी आल्यावर मुलीला विचारलं. म्हणाली की बाथरूममधून माझा साबण गेला तेव्हाच कळलं. माझा काढलात म्हणजे तो वाईट होता, आणि वाईट होता तर सगळ्यांचाच होता. मग फोन केले.
विचारलं, पण माझं नाव का सांगितलंस?
म्हणाली की तुम्ही रोज फोनपाशी बसून राहायचात. मला वाटलं तुम्हाला सगळ्यांना सांगायचं आहे, धीर होत नाहीये. आणि त्या दिवशी मी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या घरी आत होते (तिने सरांची भेट म्हणून साबण जपून ठेवला होता, उघडलाच नव्हता), तेव्हा खिडकीतून तुम्ही कोपऱ्यावर उभे दिसलात. मी तिच्या आईला म्हटलं, बघा, बाबा स्वतःच सांगायला आलेत. आम्ही सगळ्या हसलो, कारण तुम्ही घर शोधताय असं वाटलं. मग तुम्ही गेलात. घर सापडलं नसेल ना?
मी म्हणालो, हो. सापडलं नाही.
तिने लगेच विश्वास ठेवला. भाजल्यापेक्षा ते जास्त लागलं.
उद्या वर्गातून सगळे साबण परत गोळा करायचे आहेत. रबरी हातमोजे ती घालणार आहे. मला फक्त पिशवी धरायला सांगितली आहे.