बाबांच्या पोटरीतला काटा

जामसंडे, ता. १०-१-१९६१

ती. बाबांस,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. काल वर्गात साळिंदराचा धडा घेतला. ते काटे बाणासारखे फेकते का, असे मुलींनी विचारले. मी नाही म्हटले. काटे सैल असतात, अंगात रुतले की सुटतात, एवढेच. तर आपल्या मिठबावची यशोदा उठून म्हणाली, मगे बाईनु, तुमच्या बापाशीक धा पावलांवरसून काटो मारल्यान तो कसो? सारा वर्ग हसला. सोमवारी सांगते म्हणून मी वेळ मारून नेली.

पुस्तकाला खोटे म्हणू की तुम्हाला? तुमची ती हकीकत ऐकतच मी मोठी झाले. खरे काय ते कळवा.

तुमची,
सुगंधा

मिठबाव, ता. १३-१-१९६१

चि. सुगंधास अ. उ. आ.

ओटीवर चौघे बसले होते, म्हणून तुझे पत्र ऐटीत मोठ्याने वाचायला घेतले आणि अर्ध्यावर खोकला काढून थांबलो. बापाला वर्गात उभे करणारी मास्तरीण तूच पहिली.

आता ऐक. साळिंदर रोज सुरण उकरून खाई, म्हणून मी दबा धरला. मला पाहून त्याने काटे खुळखुळवले आणि पाठ फिरवली. मला वाटले, भ्याले. लाथ घालायला पुढे झालो, तो ते मागच्या मागे धावत पोटरीवर आले. दहा पावले कुठली, वीतभरही अंतर नव्हते. लंगडत घरी आलो तर तुझे मामा पाहुणे आलेले. लाज वाटली, म्हणून बाण मारला म्हटले. पुढे तीस वर्षे ते बाण मीच मारतो आहे.

काटा सोबत पाठवतो. असा काटा घरात असला की भांडणे होतात म्हणतात, म्हणून तुझ्या आईने तो गोठ्यात खोचला होता. भांडणे काही थांबली नाहीत. हे पत्र वर्गात वाच. उद्या संक्रांतीला ओटीवर जमतील त्यांना मीच सांगेन. माझ्यापायी तुझ्या शब्दाला कमीपणा नको.

तुझा,
बाबा

जामसंडे, ता. १६-१-१९६१

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज तुमचे पत्र वर्गात वाचले. कोणी हसले नाही. मोठी माणसां आपली चूक अशी सांगतत, ह्या माका ठावकच नाय होता, असे यशोदा म्हणाली.

काटा शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवला आहे. खाली मी तुमच्या नावाची चिठ्ठी लावली: साळिंदर काटे फेकत नाही. साक्षीदार, भिकाजी, मिठबाव. मुली जाता-येता वाचतात.

आता आईशी भांडण झाले तर काट्याला बोल लावता येणार नाही. माया आहे तशीच असू द्या.

लहानपणी मला बाण लागलेल्या बापाचा अभिमान होता. आज त्याहून जास्त आहे, आणि आता काही वाढवून सांगावे लागत नाही.

तुमची,
सुगंधा