खुंट्यावरचा दुसरा दोर

७ जून
आणि आईचं तेच पालुपद, मी कुठं टिकत नाही. वीटभट्टी सोडली, चुलत्याची बेकरी सोडली, कबूल. पण तिथं समुद्र होता का? समुद्रापासून लांब योझगातकडचा गडी पोहणार काय, म्हणून सेर्वेत कप्तान हसले. धरणावर शिकलो म्हटल्यावर म्हणाले, मग घे दोर, बेडका. काम सोपं. यॉट खाडीत शिरली की पुढून नांगर टाकतात. मागचा दोर मी पोहत काठाला नेतो. तिथं पाइनखाली लोखंडी खुंटे रोवलेत, त्यावर फास घालतो. झाडाला बांधलं तर दंड. पाइनच्या सुया केसांत अडकतात. आचारी रिफत, त्याला सगळे आबी म्हणजे दादा म्हणतात, वांग्याच्या चकत्या मला दुप्पट वाढतो.

१४ जून
आबीनं एक शिकवलं. शेजारच्या यॉटचा फास आपल्या फासावर बसला असेल तर तो उचलायचा नाही. आपला फास त्याच्या आतून वर घेऊन काढायचा. दुसऱ्याच्या फासाला हात लावणारा खलाशी नव्हे, चोर.

२२ जून
सकाळी निघताना कप्तान ओरडत होते, मेंढ्या हाकतोयस का रे. आमच्या फासावर शेजारच्या यॉटचा होता. तिचा खलाशी नज्मी, त्यानं काल मला अर्धं कलिंगड दिलं होतं. मी त्याचा फास उचलला, आमचा काढला, त्याचा परत ठेवला. खुंट्याच्या कडेवर, अर्धाच. मला दिसलं होतं. तरी पोहत परत आलो.

दुपारी डोंगरावरून वारा उतरला. संध्याकाळी रेडिओवर कळलं, त्यांची यॉट सुटून खडकाकडे गेली, पायानं ढकलायला गेलेला नज्मी यॉट आणि खडकामध्ये सापडला. गेला. कप्तान म्हणाले, स्वतःचा फास धड घालता येईना त्याला, आमचा बेडूक बरा. मी मान खाली घालून भांडी घासली.

२५ जून
खाडी रिकामी. पोहत गेलो तर खुंट्यावर आधीच एक दोर. ओला, ताठ, पाण्यात उतरलेला. दुसऱ्या टोकाला यॉट नाही. कप्तान म्हणाले, कसला दोर, ऊन लागलंय तुला.

२८ जून
दुसरी खाडी. तोच दोर. फास कडेवर, अर्धा. मी ठेवला होता तसाच. दोन्ही हातांनी खाली दाबून बसवला. वळून पाहिलं तर पुन्हा कडेवर.

१ जुलै
आज दोराला दोन हिसके बसले. बांधलं का, असं विचारायची खलाशांची खूण. पाण्याखालून. मी दोर सोडून पोहत सुटलो. काय तोंडानं उत्तर देऊ—

३ जुलै
कप्तानांना सगळं सांगितलं. म्हणाले, तोंड बंद ठेव, परवाना जाईल माझा. आबीनं ऐकलं. रात्री ताट समोर ठेवलं, पण नाव घेऊन हाक मारली नाही. ते जास्त लागलं.

४ जुलै, दुपार
नज्मीच्या आईला पत्र लिहिलं. फास मीच हलवला, तुमच्या मुलाची चूक नव्हती, एवढंच. उद्या धक्क्यावर पोलिसांनाही सांगणार.

वारा नाही. तरी यॉट खडकाकडे सरकतेय— कप्तान ओरडतायत, उतर, फास बघ— काठावर कोणी तरी वाकलंय, आमच्या खुंट्यावर—

जातो. नाही गेलो तर आबी उतरेल—

आबी, वही तुझ्या गादीवर ठेवतोय, पत्र आत आहे. माझा पगारही त्या माउलीला पोचव. सगळा, सत्तावीस हजार लिरा, आणि