दादाची मोजपट्टी

दादा,

तुझी मोजपट्टी पोचली. वहिनी म्हणाली, मोठे मासे मिळेनात म्हणून होडी विकलीस, तेव्हा तू तेवढीच काढून घेतलीस. "छोटीला दे, कुणाच्या तरी कामी येईल."

मीच दिली होती ना ती. पट्टीपेक्षा आखूड हेकरू मासा पाण्यात परत सोडायचा, लांब असेल तोच आणायचा, हा नियम माझ्या अहवालावरून झाला. बाकीचे होडीवाले लहानही चोरून विकायचे आणि वर तुला हसायचे. तू म्हणायचास, "माझी बहीण माशांची पोटं फाडून शिकलीय, उगाच नाही सांगत."

पण पोटं फाडली ती तू फुकट दिलेल्या लहान माशांची. मोठे बाजारात जायचे. अंड्यांवर आलेल्या माद्या पाहिल्या आणि लांबी ठरवून मी मोकळी झाले. हेकरू आधी मादी असतो, थोराड झाला की नर होतो, हे मी वाचलेलं होतं. आपल्या प्रवाळावर तो केव्हा नर होतो, ते तपासलंच नाही.

यंदा लहान-मोठे साठ मासे कापले. साठच्या साठ माद्या. नर आपण नियमाने वेचून खाल्ले, दादा. आता अंडी फळणार कशी?

मत्स्य कार्यालयाला माझी चूक कळवलीय. तिथे ह्याला "सुधारणा" म्हणतात. तुला कळवायला मात्र हात धजत नाही. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील.

पट्टी मी पुन्हा मोजली. मिलिमीटरचाही फरक नाही. तुझा अंगठा टेकायचा तिथे तेवढी झिजलीय.

माझं न ऐकणाऱ्यांच्या होड्या अजून पाण्यात आहेत.

तुझी,
छोटी