फाटकावरून हाक

मिल क्रीक, केंटकी
४ सप्टेंबर १९८८

ती. हॉबर्टदादास,
डेल्फाचा सा. न.

वरच्या वळणावर रूबीच्या घरी दार फोडून चोरी झाली, ही बातमी डेटनपर्यंत पोचलीच तर! आणि लगेच तुझं सुरू: घर विकू, तू ओहायोला ये. आईवडिलांचं घर निम्मं तुझं आहे, मान्य. पण माझा नवरा एस्टिल वारल्यावर इथले हिवाळे मी एकटीने काढलेत, आणि मला याच घरात म्हातारं व्हायचंय. डेटनला तुमच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. तिथे माझा जीव घुसमटेल.

मात्र शेरिफचा माणूस इथे यायला पाऊण तास लागतो, म्हणून घरात एक बंदूक हवी हे मलाही पटलंय. कोणती घ्यावी ते कळव. तुला सांगायला आवडतं, म्हणून विचारते.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी डेल्फा

डेटन, ओहायो
१२ सप्टेंबर

चि. डेल्फा हिस,
अनेक आशीर्वाद.

यात विचारायचं काय? एस्टिलची बारा बोअरची लांब बंदूक माझ्याकडे पडून आहे. ती दिसली की चोर पुढच्या तालुक्यात जाऊन थांबेल. बाकी सगळी खेळणी. तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय हे लक्षात आहे, पण सवयीने सगळं जमतं.

स्पष्टच लिहितो. घराला गिऱ्हाईक आलंय. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तू एकटी सुरक्षित राहू शकतेस अशी माझी खात्री पटली तर ठीक, नाहीतर दोघांनी सही करायची. तुला वाईट वाटेल, पण रात्री फोन वाजला की तुझंच काहीतरी झालं असं वाटून मला पुन्हा झोप लागत नाही, त्याचं काय करू?

इर्मा आठवण काढते. राग आला तरी लोभ ठेव.
तुझा हॉबर्ट

मिल क्रीक
२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न.

बंदूक घेतली. तुझी नव्हे, माझी.

दुकानात जाताना मी झाडूचा दांडा सोबत नेला. आपल्या घरातल्या बोळातून वळताना भिंतीला अडकणार नाही एवढा कापून घेतला होता. दुकानदार आधी हसला. मग त्याने बाईमाणसासाठी म्हणून एक इवलंसं पिस्तूल पुढे केलं. माझ्या सांधे धरलेल्या बोटांनी त्याचा वरचा भाग मागे ओढवेना. रायफल मीच नको म्हटलं. आपल्या भिंती फळ्यांच्या, गोळी आरपार जाऊन कुठे थांबेल याचा नेम नाही. शेवटी आखूड दस्त्याची, वीस बोअरची हलकी शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, खांद्याला लावली, दांड्याशी मापून पाहिली, आणि मनात म्हटलं, ही माझी. तोवर दुकानदाराचं हसणं बंद झालं होतं.

मागच्या टेकडीच्या पायथ्याशी भोपळे मांडून रोज नेमाचा सराव करते. भोपळे माझ्या नावाने खडे फोडत असतील! रविवारी नातवंडं येतात म्हणून बंदूक कुलुपात असते आणि किल्ली माझ्या गळ्यात. आणि ऐक, चोराच्या मागे धावायला मी काही वेडी नाही. झोपायच्या खोलीचं दार लावायचं, फोन करायचा, ओरडून सांगायचं. तो टीव्ही नेईना का! त्या खोलीचं दार फोडलं, तरच बंदूक.

आता तरी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हण. मायेत कमी करू नकोस.
डेल्फा

मिल क्रीक
१ नोव्हेंबर

सौ. इर्मावहिनीस,
सप्रेम नमस्कार.

दादा सुखरूप पोचला असेल. त्याने काय सांगितलं असेल याची कल्पना आहे, म्हणून खरं काय ते लिहिते.

शनिवारी सूर्य डोंगराआड गेला होता, चुलीवर घेवड्याच्या बिया शिजत होत्या. कुत्रं भुंकायला लागलं. कुणीतरी गाडी वळणावर ठेवून कुंपणाकडेने येत होतं, हातात काहीतरी लांब. फाटकावर हाक नाही! वहिनी, आमच्याकडे पाद्रीसुद्धा फाटकावरून ओरडून नाव सांगतो, मगच ओसरीवर पाय ठेवतो.

कडी खडखडली. मी खोलीत शिरले, दार लावलं, बंदूक घेतली, शेरिफला फोन केला. मग ओरडून सांगितलं की माझ्या हातात बंदूक आहे, पोलीस निघालेत, हातातलं खाली टाक आणि बस. ओसरीतल्या झोपाळ्याच्या साखळीत काहीतरी अडकलं, धाडकन पडलं. मग चिरक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, अगं डेल्फे, मीच तो, हॉबर्ट. भीतीने त्याचा आवाज मला ओळखू येईना. मी म्हटलं, हॉबर्ट असशील तर आई तुला काय म्हणायची ते सांग.

बाहेर तो आधी खाकरला. मग म्हणाला, बदकोबा.

आधी गोळ्या काढल्या, बंदूक कुलुपात ठेवली, मगच दार उघडलं. हा पठ्ठ्या खाली बसलेला, शेजारी एस्टिलची लांब बंदूक, साखळीत अडकली ती हीच! मला ती बक्षीस द्यायला आणि अचानक येऊन माझी परीक्षा घ्यायला आला होता म्हणे. मी आधी रडले, मग वाट्टेल ते बोलले, मग जेवायला वाढलं. शेरिफचा माणूस आला तेव्हा दादाच्या तोंडात मक्याची भाकरी होती. त्या माणसाने दादाला सगळं पुन्हा सांगायला लावलं, बदकोबा या नावासकट.

जिंकले हो मी, वहिनी! पण घराचं काय ते न सांगताच तो गेला. तुमचा लोभ पाठीशी असू द्या.
डेल्फा

डेटन
९ नोव्हेंबर

चि. डेल्फा हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या ओसरीवर मी लहानाचा मोठा झालो, आणि शहरात राहून फाटकावर हाक मारायची विसरलो. तिथे खाली बसल्या बसल्या एकच मनात येत होतं. दाराआड मी असतो, ती लांब बंदूक घेऊन, तर आधी गोळी झाडली असती आणि मग नाव विचारलं असतं. तू नाव विचारलंस, म्हणून मी हे लिहायला उरलो. त्या दिवशी घराविषयी काही न सांगता निघालो तो याच लाजेने.

गिऱ्हाइकाला नाही कळवलं. माझा निम्मा हिस्साही तुझ्या नावावर करून द्यायला वकिलाला सांगितलंय. जिथे राहायचंय तिथे राहा, मला आता झोप लागते.

थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघं येतोय. मागच्या अंगणात हाकेचा सराव चालू आहे, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. फाटकावरून ओरडेन. दार उघडशील ना?

तुझा
बदकोबा