पेटीच्या दुसऱ्या टोकाला

बाई,

माझ्या कूलरचा पंप जळाला आहे, आणि ही बातमी जळगावने ज्या थंडपणे घेतली, तेवढाच थंडपणा सध्या या शहरात शिल्लक आहे. चार दिवस झाले. कुणी शोकसभा घेतली नाही, कुणी दुकान बंद ठेवलं नाही. मेकॅनिक आला, जाळी काढून आत बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "पंखा चालू शे अक्का, पण पाणी चढत नही." नवा पंप धुळ्याहून यायचा आहे. तोवर टाकीत पाणी आहे, वर वारा आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही. पंखा घरातलीच झळ उचलतो आणि माझ्याच तोंडावर आणून टाकतो. पंचवीस वर्षं मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिते आहे, पण माझी इतकी नेमकी नक्कल आजवर कुणाला जमली नव्हती.

खरं सांगायचं तर तुमची आठवण कूलरमुळे आली नाही. संपादकांचा फोन आला होता. माझे जुने, लोकांना आवडलेले लेख ते रविवारच्या पुरवणीत पुन्हा छापणार आहेत, आणि सुरुवात तुमच्यापासून करायची म्हणतात. समुद्र न पाहिलेल्या भूगोलाच्या बाईंवरचा लेख. उन्हाळा आहे, थंड पाण्याचा विषय आहे, लोक अजून त्याची आठवण काढतात, असं म्हणाले. मी शुक्रवारपर्यंत कळवते म्हटलं. आज शुक्रवार आहे.

तो वर्ग मला अजून दिसतो. फैजपूरची शाळा, पत्र्याखाली तापलेली खोली, आणि तुम्ही दारातून येताय. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात भुसा लावलेलं पाणी गळतं पोतं. तुमचे भाऊ रेल्वेत होते. त्यांनी मोडीत निघालेल्या बॅटरीची जाड काचेची पेटी तुम्हाला मिळवून दिली होती. ती धुऊन धुऊन तुम्ही तिचा समुद्र केला होता. बर्फ मात्र दर वर्षी भुसावळहून एसटीने यायचा. त्या दिवशी पोतं टेबलावर ठेवून तुम्ही म्हणालात, अर्धा बर्फ वाटेत बामणोदलाच उतरला, उरलेल्यात भागवू. मग जुन्या पातळाच्या तुकड्यात बर्फ, मूठभर मीठ आणि कपड्याची नीळ अशी पुरचुंडी बांधलीत आणि ती पेटीच्या एका टोकाला पाण्यात जेमतेम बुडेल अशी टांगलीत. पाणी हलेपर्यंत कुणी बाक हलवायचा नाही, असं बजावलंत.

आणि मग बोलत राहिलात. वरचं पाणी वारा ढकलतो. पृथ्वी फिरते म्हणून ते सरळ जात नाही, वळतं; किनारा आडवा आला की आणखी वळतं. पण समुद्राचं खालचं काम वजनावर चालतं. ध्रुवाकडे पाणी गोठतं तेव्हा बर्फ मीठ मागेच टाकतो. उरलेलं पाणी गार, खारट आणि जड होतं, ते तळाला बसतं आणि सरपटत निघतं, शेकडो वर्षांनी कुठेतरी दूर वर येतं. त्याची जागा भरायला वरून कोमट पाणी ध्रुवाकडे जातं. म्हणून एका किनाऱ्याचा हिवाळा सुसह्य होतो, आणि दुसऱ्या किनाऱ्याला गार प्रवाह लागून असतो म्हणून दाराशी समुद्र असून तिथे वाळवंट. दक्षिण अमेरिकेजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं तर बऱ्याचदा आपला पाऊस ओढ देतो, तेव्हा केळीवाल्यांनी तिकडेही लक्ष ठेवावं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा वर्गात खसखस पिकली. आमच्यातल्या निम्म्या जणींचे वडील केळीवाले होते आणि त्यांचं लक्ष फार तर रावेरच्या बाजारभावापर्यंत जायचं.

मला तेव्हाही जीभ आवरत नव्हती. मी उभी राहून विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का?" सगळा वर्ग हसला. तुम्ही पुरचुंडीवरची नजरसुद्धा काढली नाहीत. म्हणालात, "नाही. सूर्यावर पण गेलेली नाही. तरी ऊन शिकवते ना?" मग मला पुढे बोलावलंत. वाटलं, आता अंगठे धरायला लावणार. तुम्ही मला पेटीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलंत, बोटं तळाशी टेकवायला सांगितलीत आणि डोळे मिटायला लावलेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणीसुद्धा अंगाला ऊन लागतं, तसंच ते लागत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग बोटांच्या टोकांना गार लागलं, तळाशीच, वर मनगटाला अजून कोमटच. मी म्हटलं, "आलं." डोळे उघडले तर निळी रेघ तळावरून माझ्या नखांपर्यंत आली होती. कुणीही हसत नव्हतं.

बारा वर्षांनी मला सदर मिळालं आणि पहिल्या लेखासाठी काहीतरी हमखास हवं होतं. मी तुम्हाला घेतलं. नाव नव्हतं, पण पेटी होती, एसटी होती, पोतं होतं. यावल तालुक्यात कुणाला नाव लागत नव्हतं. लेखात मी विचारते, समुद्र पाहिलाय का, आणि बाई गप्प होतात. लेखात निळं पाणी खाली जातच नाही, सगळ्या पेटीत पसरतं, आणि बाई म्हणतात, आज समुद्राला सुटी आहे. लोक पोट धरून हसले. तुमचं सूर्याचं उत्तर मी गाळलं, कारण ते लेखातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं होतं. ते छापलं असतं तर लेख तुमचा झाला असता. आणि पाणी खाली गेलं असतं तर लेखच झाला नसता.

त्यानंतर सावद्याला एका लग्नात आपण पंगतीला शेजारी बसलो. मी आधीच सरकायच्या बेतात होते, तेवढ्यात वाढपी आले. तुम्ही बट्टी कुस्करत माझ्याकडे न बघता म्हणालात की लेख वाचला, हसू आलं, हात चांगला आहे. मला हायसं वाटलं. मग तुम्ही वरण घेतलंत आणि म्हणालात, "फक्त पाणी खाली गेलं होतं. तूच सांगितलंस."

मी म्हटलं, "बाई, विनोदी लेख होता तो."

"लेख होता. प्रयोग नव्हता. जमलं तर एक ओळ छाप."

मी छापते म्हटलं. तुम्ही माझ्या पानावर तूप वाढायला सांगितलंत. त्या पंगतीत मला एवढंच कळलं की तुम्ही रागावला नाहीत. बाकीचं भाचीकडून कळलं, ती त्याच शाळेत होती. लेखानंतर पेटी वर्गात आली की पोरी आधीच हसायच्या, आज समुद्राला सुटी आहे का विचारायच्या. तरीही दोन वर्षं तुम्ही ती आणलीत. मग आणली नाहीत. तुम्ही वारल्यावर मी भुसावळला तुमच्या घरच्यांना भेटायला आले, तेव्हा पेटी स्वयंपाकघरात फळीवर होती. तिच्यात ज्वारीचे पापड भरून ठेवले होते. मी पापडांची चौकशी केली, पेटीची केली नाही.

आता केळीच्या लिलावाला उभा असलेला माणूससुद्धा अल निनोबद्दल असं बोलतो, जणू तो त्याचा साडू आहे आणि यंदा पुन्हा रुसला आहे. केळीवाल्यांबद्दलच्या तुमच्या त्या वाक्याला आता कुणी हसत नाही. मीच एक उरले आहे, तीच जुनी झळ पुन्हा फिरवणारी. मला कंटाळा आला आहे, बाई. उन्हाचा आहेच, पण त्याहून जास्त माझ्या त्या हमखास हशाचा.

दुपारी मी कूलरचा प्लग काढला. टाकीतलं पाणी चार दिवस हललं नव्हतं. फ्रिजमधला बर्फ, मीठ आणि नीळ रुमालात बांधून ती पुरचुंडी एका कोपऱ्यात टांगली आणि दुसऱ्या कोपऱ्यात तळाशी बोटं टेकवून, या वयात, गुडघ्यांवर बसले. डोळे मिटले. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. फोन दोनदा वाजला, संपादकांचाच असणार. मग बोटांना गार लागलं, तळाशीच. "आलं," मी म्हटलं, रिकाम्या घरात, अगदी मोठ्याने.

पंप घेऊन मेकॅनिक आला आणि टाकीत डोकावला. "अक्का, पाणी निळं कसं काय शे?" मी त्याला खरं तेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि टाकी धुण्याचे वेगळे पैसे पडतील असं म्हणाला.

संपादकांना फोन केला. लेख छापा, पण शेवटी माझी एक ओळ जोडा म्हटलं, आणि ती वाचून दाखवली: वरच्या लेखातला प्रयोग फसला नव्हता, निळं पाणी तळाने पेटीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं, आणि तिथे माझी बोटं होती. ते म्हणाले, मग विनोदच जातो की त्यातला. मी म्हटलं, जाऊ द्या.

ओळ रविवारी येईल. हे पत्र कुठेच जाणार नाही, टाकायला पत्ताही नाही. सूर्याचं उत्तर मात्र मी त्या ओळीत घातलं नाही, बाई. ते अजूनही माझ्यापेक्षा चांगलं आहे.