माझ्या नावापुढे माझंच नाव

सोमवार, ४
आज रुजू झालो. खोली तिसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर, टेबल भक्कम. खुर्चीचा एक पाय आखूड, डगमगत होती. खाली पुठ्ठा घातला. काम माझ्या हातचं: आग लागो, पूर येवो, कंपनीचं काम थांबू नये याची योजना सुधारायची. पुलापलीकडे कंपनीची दुसरी कचेरी सज्ज असते. अशाच खोल्या, अशीच टेबलं. इथलं बंद पडलं की तिथलं सुरू. ही विद्या मी कॉलेजात नाही, यंत्रं उघडून शिकलो. घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, आता तरी घरी आल्यावर चार शब्द बोलत जा.

गुरुवार, ७
जुनी योजना माझ्या आधी या जागेवर असलेल्या अप्पांची. इथे उठता-बसता अप्पा. टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या, शेवटचं प्रकरण वाचलंत का, काय लिहिलंय हो. नाव 'परत येणं': संकट टळल्यावर आपापल्या मूळ जागी कसं यायचं. नुसता पाल्हाळ. दार उघडायचं आणि यायचं. सबंध प्रकरण काढून टाकलं. बरं वाटलं.

बुधवार, १३
अप्पांनी यंत्रांना जोडीदार दिले, माणसांना दिलेच नाहीत. ही चूक मी पकडली. आता प्रत्येक जागेला एक पर्यायी माणूस. इथला पडला तर तिथला उभा राहील. मोठ्या साहेबांनी विचारलं, तुमच्या जागी कोण? त्यांनी सुचवलेल्यांपैकी एकालाही सरळ रेघ मारता येत नाही. मी माझ्या नावापुढे माझंच नाव लिहिलं. साहेब हसले आणि सही केली.

मंगळवार, १९
बाई म्हणाल्या, सकाळी पलीकडून फोन केलात तेव्हा किती छान बोललात, अप्पांची आठवण झाली. मी सकाळभर इथेच होतो. बाईंना थट्टेची सवय दिसते.

गुरुवार, २१
पलीकडे पाहणीला गेलो. माझ्यासारखीच खोली, तीच आखूड पायाची खुर्ची. पण पुठ्ठा नाही. पायाला लाकडाचा तुकडा जोडलेला, सांधा हाताला लागत नाही. असं काम मला जमलं नसतं. जीव जळला. कोणी केलं विचारलं, तर पहारेकरी म्हणाला, चेष्टा करता का साहेब, सकाळी तुम्हीच तर बसला होतात करत.

शुक्रवार, २२
घरी ही खुशीत. म्हणाली, दुपारी आलात, मनमोकळं बोललात, किती वर्षांनी. मी दुपारी कचेरीत होतो. तिला सांगवलं नाही. तिचं ते हसू माझ्यासाठी नव्हतं — कचेरीतल्या बाईही आता अप्पांचं नाव काढत नाहीत. माझं काढतात. म्हणजे त्याचं —

सोमवार, २५
उद्या सराव. खोटी आग, सगळे पलीकडे. समोरासमोर गाठतो त्याला.

मंगळवार, २६
भोंगा वाजला. आलो. पुलापलीकडची ही खोली रिकामी. तो नाही. सायंकाळी सगळे परतले; त्यांच्या मूळ जागा मोकळ्या होत्या. मीही निघालो. पूल ओलांडला, जिना चढलो, माझ्या खोलीत बसलो —
खुर्ची डगमगत नाही. पुठ्ठा नाही.

बुधवार, २७
पुन्हा पूल. पुन्हा हीच खुर्ची. परत कसं यायचं ते अप्पांनी — मीच काढून —
घरी फोन लावला. हिनं उचलला. मी बोललो. ती घाबरली, आत हाक मारून म्हणाली, अहो, कोणीतरी तुमच्या आवाजात —
त्यानं फोन घेतला. रागावला नाही. तिकडचं काम सांभाळा म्हणाला, इतक्या मायेनं, मला आयुष्यात कधी असं बोलता —