हेस्टर बुडत नाही, हे मी इथे लिहून ठेवते

मी, लॉर्ना मे ट्रेगेंझा, वय चौऱ्याहत्तर, धंदा कादंबऱ्या लिहिणे, राहणार वॉलरू, साउथ ऑस्ट्रेलिया, डोकं ठिकाणावर असताना, कुणी हात धरून लिहून घेत नसताना, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र करते. डॉक्टर माझ्या हृदयाबद्दल काहीबाही म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण घाईतही नाही. आधी केलेली मृत्युपत्रं यापुढे रद्द समजावीत. त्यांपैकी एकात मी माझ्या मैत्रिणीबद्दल जे लिहिलं होतं ते विशेष करून रद्द समजावं.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा भाचा डेंझिल याने करावी. तो वकील आहे आणि फी घेणार नाही असं म्हणाला आहे. हे वाक्य मी मुद्दाम लेखी ठेवते.

२. राहतं घर, बँकेतली शिल्लक, होडी आणि खेकड्यांची जाळी माझी मुलगी केरेंझा हिला. होडीचं इंजिन थंडीत रुसतं. त्याला शिव्या घातल्याशिवाय ते चालू होत नाही. केरेंझाला त्या शिव्या पाठ आहेत.

३. आता मुख्य मिळकत. माझ्या पाच कादंबऱ्या, ज्यांत बंदरात जहाजांना वाट दाखवणारी हेस्टर पोल ही खून उलगडत जाते, त्यांचे सर्व हक्क. कायद्याने ते माझ्या मरणानंतर सत्तर वर्षं टिकतात, म्हणजे माझ्यापेक्षा दांडगे आहेत. ते केरेंझाला द्यावेत. पण ते कसे वापरावेत हे सांगण्यासाठी चौथ्या पुस्तकाचं काय झालं ते नोंदवणं भाग आहे, कारण गावात त्याच्या पाच-सहा आवृत्त्या सांगितल्या जातात आणि त्यातली एकही धड नाही.

‘काळा बोया’ हे माझं चौथं पुस्तक. त्याच्या पहिल्या खर्ड्यात मी हेस्टरला बुडवलं होतं. प्रकाशनातली माझी संपादक इमोजेन म्हणाली, “लॉर्ना, तुम्हाला स्वतःला तरी हे पटतंय का?” पटत नव्हतं. मी शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं. हेस्टर समुद्रात तरंगणाऱ्या बोयाला धरून रात्र काढते आणि सकाळी खुन्याच्याच होडीतून किनाऱ्याला येते. मी लिहिलेल्या सगळ्या प्रकरणांत ते सरस आहे. हे मी नम्रपणा बाजूला ठेवून म्हणते.

पहिला खर्डा मी फक्त एका माणसाला पाठवला होता. नोएलीन पास्को. शाळेपासूनची मैत्रीण, बोल्स क्लबात हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळातली माझी जोडीदार. तिची नजर तेव्हा जायला लागली होती आणि संगणकावर अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात म्हणून तिला खर्डा संगणकावरच हवा होता.

पुस्तक छापून बाजारात आलं आणि मला वाचकांचे संदेश येऊ लागले, आधी कधी आले नव्हते इतके. पर्थचे एक गृहस्थ लिहितात, हेस्टरला मारून तुम्ही माझा रविवार नासवलात. बॅलरॅटच्या एक बाई लिहितात, इतक्या वर्षांची सोबत अशी पाण्यात टाकतात का? मी खुर्चीत बसूनच राहिले. छापलेल्या पुस्तकात ती मरतच नव्हती. म्हणजे ही माणसं नोएलीनला पाठवलेला खर्डा वाचत होती. शोधलं तर तो फुकट पुस्तकं वाटणाऱ्या एका संकेतस्थळावर होता, माझं नाव, माझा फोटो, आणि मी स्वतः रद्द केलेला शेवट.

मी तक्रार केली. तिथून पुस्तक निघालं आणि दुसऱ्याच पत्त्यावर उगवलं. तिथून काढलं तर तिसरीकडे. अख्खा हिवाळा मी हे तण उपटत होते, एक ओळ लिहिली नाही, आणि नोएलीनला विचारायचं टाळत राहिले. डेंझिल म्हणाला, “आत्या, एकेकाला कोर्टात खेचू.”

“कुणाकुणाला? अर्धं गाव त्यात आहे. मग मला पुरायला कोण येईल, तू एकटा?”

वसंतात इमोजेनचा फोन आला. विक्री निम्म्यावर आली होती. “सगळ्यांनी वाचलंय हो,” ती म्हणाली, “पण ते आमच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. पाचवं पुस्तक आम्हाला घेता येणार नाही.” तिचा आवाज रडवेला होता. माझा नव्हता, मी गाडीची किल्ली शोधत होते.

नोएलीन तिच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी सारण भरलेल्या पेस्टीच्या कडा मुडपत होती. मी दारातूनच विचारलं, “माझं पुस्तक तू कुणाला दिलंस?”

“गार्थला,” तिने आपल्या मुलाचं नाव घेतलं. “अगं, त्याने ते इंटरनेटवर ठेवलं, क्लबातल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून. सगळ्या किती खूश आहेत! तू बस ना.”

“नोएलीन, ते चोरणं आहे.”

“चोरणं? तुझ्याकडचं काय गेलं? पुस्तक म्हणजे काय केक आहे, वाटला की संपला?”

“हे पुस्तक संपत नाही गं. पुढचं होत नाही.”

तिला कळलं नाही, म्हणून मी इमोजेनचा फोन सांगितला. तिचे हात पिठात तसेच राहिले. मग ती म्हणाली, “पण मग हेस्टरचं काय? ती खरंच मेली?” मी तिला खरा शेवट सांगितला, दार आपटलं आणि निघून आले.

यानंतर नोएलीनने जे केलं त्याला गावात माफी म्हणतात. शनिवारी क्लबात सगळे जमलेले असताना ती खुर्चीवर चढली, त्या वयात, त्या डोळ्यांनी, आणि ओरडून म्हणाली, “तुम्ही वाचलंत ते खोटं आहे! हेस्टर बुडत नाही! बोया धरून राहते आणि खुन्याच्याच होडीतून परत येते! लाज असेल तर पुस्तक विकत घ्या!” टाळ्या पडल्या. पण बार्बरा स्कोबी म्हणाली, “आता शेवट कळला की. विकत कशाला घ्यायचं?”

मी त्या दिवसापासून नोएलीनशी बोलणं टाकलं.

पाचवं पुस्तक तरीही लिहिलं. हंगामात धान्याच्या कोठारांवर जुनी नोकरी परत धरली, भुईकाट्यावर ट्रक तोलण्याची, आणि दोन ट्रकांच्या मध्ये लिहीत राहिले. जे एका वर्षात व्हायचं त्याला कितीतरी वर्षं लागली. कुणी वाट पाहत नव्हतं, कुणी मागत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी म्हणून मी ते अधिक नेटाने लिहिलं. ॲडलेडच्या दोघी जणी एक लहानसं प्रकाशन चालवतात. त्या येत्या सप्टेंबरात ते काढत आहेत.

४. म्हणून केरेंझाने माझी पुस्तकं फुकट वाटू नयेत. कुणी तिला चिक्कू म्हणालं तर म्हणू द्यावं. वाचनालयांना प्रती द्याव्यात. ज्यांना दिसत नाही त्यांना मोठ्या अक्षरातली किंवा वाचून ध्वनिमुद्रित केलेली प्रत, मागितली की, एक पैसा न घेता द्यावी. ही व्यवस्था मी आधीच केली असती तर मला कुणाला खर्डा पाठवायची वेळ आली नसती.

५. ज्या ज्या अनोळखी माणसांकडे ‘काळा बोया’ची चोरीची प्रत आहे, त्या सर्वांना मी खरं शेवटचं प्रकरण मृत्युपत्राद्वारे देऊन टाकते. केरेंझाने ते इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवावं. माझ्या नावावर बुडालेली हेस्टर मला नको. बाकीच्या प्रकरणांचं काय करायचं ते त्यांनी आपल्या मनाला विचारावं.

६. गार्थ पास्को याला काही नाही. त्याला हे वाचून दाखवावं.

७. नोएलीन. तिची नजर गेल्या वर्षी पूर्ण गेली. मला हे बार्बराकडून कळलं, आणि मी गाडी काढून गेले. ती म्हणाली, “कोण आहे?” मी म्हणाले, “चोरीचा माल परत न्यायला आले.” ती म्हणाली, “उशीर केलास. बस.” तेव्हापासून दर गुरुवारी मी तिला पाचवं पुस्तक वाचून दाखवते. मी मध्येच गेले तर उरलेली प्रकरणं केरेंझाने वाचावीत. चहा आधी घेऊ नये. चहा झाला की नोएलीन बोलत सुटते.

मागच्या गुरुवारी मला थोडी धाप लागली, तेव्हा मी पुस्तक मिटून तिला शेवट सांगून टाकला. म्हटलं, न जाणो. काल क्लबात बार्बराने सगळ्यांसमोर मला विचारलं, “नव्या पुस्तकात हेस्टरचं काय होतं गं? आम्हाला तरी सांग!” मी नोएलीनकडे पाहिलं. ती स्कोनला जॅम लावत होती. जॅम बोटांवर उतरला, टेबलावर सांडला. ती अवाक्षर बोलली नाही.

पाचवं पुस्तक मी तिला अर्पण केलं आहे. छापून हातात येईपर्यंत हे तिला कुणी सांगू नये.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, एकही शब्द बदलावासा वाटला नाही. खालील दोघांच्या समक्ष सही केली; दोघांनाही यातून काहीच मिळत नाही आणि तरी ते आले, याबद्दल त्यांना पेस्टी दिली.

लॉर्ना मे ट्रेगेंझा (सही)

साक्षीदार:
१. बार्बरा जून स्कोबी, वॉलरू (सही). कलम सात झाकून ठेवलं होतं.
२. क्लाइव्ह हॅन्कॉक, निवृत्त बंदर कर्मचारी, वॉलरू (सही)

स्थळ: वॉलरू
दिनांक: १४ मार्च २०२४